हात, यंत्र आणि यंत्रणा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली या शहरात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. दिवसभराची कामं आटोपून सभागृहात येऊन बसायचं आणि एका माणसाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, ही सवय पुण्याला तेव्हापासूनची. आजची सभाही त्याच सवयीवर उभी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आजच्या सभेची ही माला चालते, ते आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत राहिले. एक शब्द फळ्यावर लिहायचा आणि मुलांना विचारायचं, ‘हा शब्द तुमच्या घरात कोण वापरतं?’ अशी त्यांची रीत होती, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांच्याच रीतीनं मी आज एक शब्द फळ्यावर लिहितो आहे. यंत्र. आणि त्याच्या शेजारी त्याचीच लेक, यंत्रणा.

आमच्या घरात ‘यंत्र’ कोणी म्हणत नसे. वडील भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. त्यांच्या तोंडी ‘मशीन’. आई शेजारणींचे ब्लाउज शिवून द्यायची. तिच्या तोंडी ‘मिशन’. ‘यंत्र’ मला भेटलं ते शाळेच्या पुस्तकात. साधी यंत्रं: तरफ, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र. आणि ‘यंत्रणा’ भेटली ती वर्तमानपत्रात. अजूनही ती तिथंच भेटते. आरोग्य यंत्रणा सज्ज, तपास यंत्रणांचे छापे, पाणीपुरवठा यंत्रणा विस्कळित, निवडणूक यंत्रणा कामाला लागली. एकाच शब्दात डॉक्टर, पोलीस, नळकोंडाळं आणि मतपेट्या कशा मावल्या? हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला आहे, आणि तो तुमच्यासमोर मांडण्यासाठीच मी आलो आहे.

सुरुवात जरा लांबून, कोलकात्यापासून करतो. तिथं एका औषधाच्या दुकानात गेलो असताना शेजारी उभ्या असलेल्या बाई गालावर हात ठेवून दुकानदाराला काहीतरी सांगत होत्या. मला बंगाली येत नाही. पण त्यांच्या बोलण्यातला एक शब्द ओळखीचा वाटला, म्हणून कान टवकारले. त्या ‘जॉन्त्रोणा’ म्हणत होत्या. यंत्रणा! दातदुखीसाठी या बाई कोणती सरकारी यंत्रणा हलवायला निघाल्या आहेत, हे मला कळेना. नंतर एका बंगाली मित्रानं उलगडा केला. बंगालीत यंत्रणा म्हणजे वेदना, ठणका. डोक्याची यंत्रणा, पोटाची यंत्रणा. हिंदीतही यंत्रणा म्हणजे यातनाच. हिंदीला ‘सरकारी यंत्रणा’ म्हणायचं असेल तर ती ‘तंत्र’ हा शब्द उचलते. संस्कृतच्या घरातून हा शब्द सगळ्यांनीच नेला. बंगालीनं त्याचं दुखणं केलं आणि मराठीनं त्याचं सरकार केलं.

हे कसं झालं असेल? त्यासाठी धातूपर्यंत जावं लागतं. यंत्राचा धातू यम्. आवरणं, धरून ठेवणं, ताब्यात ठेवणं. संयम, नियम, नियंत्रण, घोड्यांचे लगाम धरणारा यंता म्हणजे सारथी, ही सगळी एकाच घरची भावंडं. त्याला साधन दाखवणारा ‘त्र’ जोडला. ज्यानं खणायचं ते खनित्र. ज्यानं प्यायचं ते पात्र. ज्यानं धरून ठेवायचं ते यंत्र. आज ‘यंत्र’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं चाक येतं, पट्टा येतो, वाफ येते, वेग येतो. शब्दाच्या गाभ्यात यातलं काहीच नाही. तिथं आहे ती पकड.

याचा पुरावा सुश्रुतसंहितेत आहे. सुश्रुतानं शल्यकर्माची हत्यारं दोन गटांत वाटली. धारेची ती शस्त्रं, वीस. आणि बिनधारेची, धरण्याची, ओढून काढण्याची ती यंत्रं, एकशे एक. चिमटे, सांडशा, नळ्या, सळया. काही चिमट्यांना पशुपक्ष्यांच्या तोंडांची नावं दिली आहेत. त्यांत कंक पक्ष्याच्या चोचीसारखा चिमटा त्याला सर्वांत चांगला वाटतो. का? तो सहज आत शिरतो, रुतलेली वस्तू घट्ट धरतो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. चांगल्या यंत्राची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. आणि हे सगळं सांगत असताना सुश्रुत एक वाक्य लिहितो, त्याचा आशय असा: या सर्व यंत्रांत प्रधान यंत्र म्हणजे हात, कारण त्याच्यावाचून बाकीची चालतच नाहीत. मंडळी, हे वाक्य मनात ठेवा. मी शेवटी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

पकड हा अर्थ धरला की एरवी विजोड वाटणाऱ्या गोष्टी एका ओळीत येतात. देवघरातल्या तांब्याच्या पत्र्यावरचं श्रीयंत्र घ्या. त्यात फिरणारा एकही भाग नाही, तरी ते यंत्र. कारण रेघांच्या चौकटीत देवतेला धरून ठेवायचं, ही त्यामागची कल्पना. दंडातल्या ताइतातलं यंत्रही तसंच. सवाई जयसिंगाच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र म्हणजे दगडचुन्याचं प्रचंड बांधकाम. ते जागचं हलत नाही. सूर्याची सावली धरतं. कौटिल्य तर युद्धसाहित्यात स्थिर यंत्रं आणि चल यंत्रं असे दोन वर्गच करतो. म्हणजे हलणं हा यंत्राचा धर्म आहे, हे आपल्या जुन्या भाषेला मान्यच नव्हतं.

पुण्यातलं उदाहरण हवं असेल तर खडकवासल्याला चला. इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली त्या धरणाच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता आठ फूट जास्त पाणी अडवायचं होतं. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दरवाजे आपोआप उघडायचे, उतरलं की आपोआप मिटायचे. पहारेकरी नको, रात्रीची धावपळ नको. यम् धातूचा अर्थ कुणाला शिकवायचा असेल तर मी त्याला कोश देणार नाही, या दरवाजांची गोष्ट सांगेन. किती धरायचं आणि कधी सोडायचं, हे ज्याला कळतं ते यंत्र. नुसतं धरणारं यंत्र फुटतं.

जे धरतं ते कधीतरी आवळतं, आणि आवळलं की दुखतं. बंगालीतली यंत्रणा अशी तयार झाली. आपण हसायचं कारण नाही, कारण आपल्या मराठीतही हीच जोडी दुसऱ्या एका शब्दात नांदते आहे. कळ! कळ दाबली की दिवा लागतो. अक्षरं बडवायचा तो कळफलक. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत नाचवतात त्या कळसूत्री बाहुल्या. आणि पोटात येते तीही कळच. दाढेतून मस्तकात जाते तीही कळच. हे दोन शब्द मुळात वेगळे असतीलही. व्युत्पत्तीच्या जाणकारांशी मी भांडणार नाही. पण मराठी माणसाच्या जिभेवर यंत्राचा खटका आणि शरीराची वेदना यांचं नाव एक आहे. माझे वडील तर दोन्ही कळा एकाच दिवसात अनुभवत. आठ तास लेथवर उभं राहून घरी आले की पाठीची कळ सोसत भिंतीला टेकून बसायचे.

आता त्यांच्याच विषयाकडे वळतो, म्हणजे यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे.

तुम्ही कधी विचार केला आहे का, की ‘हातमाग’ हा शब्द केव्हाचा असेल? शेकडो वर्षं साळी आणि कोष्टी जे चालवत होते त्याला नुसतं ‘माग’ म्हणत. त्यात हात असणारच, मग वेगळं सांगायचं कशाला? इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, पुढं ते गावच यंत्रमागांचं झालं, भिवंडी-मालेगावही झाली. यंत्रमाग आला म्हणून हातमागाला ‘हात’ लावावा लागला. हातपंप, हातगाडी, हातशिलाई, सगळीकडे तेच. पूर्वी हात गृहीत होता. आता तो शब्दात नोंदवून ठेवावा लागतो, कारण गृहीत धरता येत नाही. मुंबईच्या गिरणगावात मागाला ‘साचा’ म्हणत आणि विणकामाच्या खात्याला साचेखातं. कामगारांनी आपला शब्द आपण घडवला. तो कोणत्याही परिभाषा समितीनं दिलेला नव्हता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थांबल्या, आणि साचा शब्दाचा हा अर्थ माहीत असलेली माणसंही आता कमी होत चालली आहेत. त्यांच्याकडून असे शब्द लिहून घ्या, अशी विनंती मी इथल्या तरुण अभ्यासकांना हात जोडून करतो.

आणि ‘यांत्रिक’ या शब्दाचं काय झालं पाहा. शं. वा. किर्लोस्करांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र लिहिलं, त्याचं नाव ‘यांत्रिकाची यात्रा’. इथं यांत्रिक हे नाम आहे, आणि केवढ्या अभिमानानं आलेलं! यात्रा कोणाची? संतांची, वारकऱ्यांची. त्या शब्दाशेजारी त्यांनी यांत्रिकाला बसवलं. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे ध्यानात आल्यावर यंत्रांच्या आकृत्यांकडे वळले. बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीत विष पसरेल, ही शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडल रोडच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. असा माणूस म्हणजे यांत्रिक.

आता विशेषण म्हणून वापरून पाहा. ‘तो यांत्रिकपणे हसला.’ ‘गाणं फार यांत्रिक वाटलं.’ ‘यांत्रिक जीवन.’ नाम होतं तेव्हा बुद्धी होती, चिकाटी होती, कल्पकता होती. विशेषण झालं आणि प्राणच गेला! मला हे मनापासून लागतं. यंत्राशी ज्याचा रोजचा संबंध आहे त्याला विचारा, यंत्रावरचं काम निर्जीव असतं का? माझे वडील नुसत्या आवाजावरून सांगत, टूल बोथट झालंय. बेअरिंगवर हाताचा तळवा ठेवून सांगत, हे आठवडा काढणार नाही. खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून त्याला झेंडूची माळ घालत आणि त्या दिवशी ते सुरू करत नसत. विश्रांतीचा दिवस होता तो, त्याचाही. ‘यांत्रिक’ हा शब्द तुच्छतेनं वापरणाऱ्या आपण लेखनिकांनी असा तळवा कधी कशावर ठेवला आहे?

यंत्र चांगलं की वाईट, हा वाद महाराष्ट्रानं जवळून पाहिला. गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये यंत्रांवर कठोर टीका केली. पुढं हेच गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात पेटीत मावेल असा सुटसुटीत चरखा तयार करण्यात रमले. त्याला येरवडा चक्र हेच नाव पडलं. चरखाही यंत्रच, हे ते स्वतःच सांगत. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र गांधीजींच्या यंत्रविरोधाला १९४५ च्या आपल्या ग्रंथात सरळ उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की, माणसाला पशूसारखं राबण्यातून सुटून वाचायला, विचार करायला, माणूस म्हणून जगायला फुरसत हवी, आणि ती यंत्रच देऊ शकतं. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ थोड्यांच्याच हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला फक्त राबणं आलं, त्यांच्या बाजूनं पाहिलं की मला बाबासाहेबांचं म्हणणं पटतं. माझ्या आईला मिशन मिळालं नसतं तर मी शिकलो नसतो.

यंत्राची बाजू मी मांडली. यंत्रणेची मांडताना मला इतकं सोपं जात नाही.

राज्यकारभाराला यंत्र मानायची चाल आपल्याकडे जुनी नाही. शिवकालात राज्याचे अठरा कारखाने आणि बारा महाल असत. कारखाना म्हणजे तेव्हा खातं: तोफखाना, पीलखाना, दफ्तरखाना, मुदबखखाना. आपल्या बुधवार पेठेतला फरासखाना त्याच कुळातला. तंबू, कनाती, जाजमं सांभाळण्याचं ते खातं. या सगळ्या ‘खान्यां’मागं घर आहे. घर म्हटलं की घरात कोणीतरी असतं, दार ठोठावता येतं. इंग्रजी अंमलात राज्य म्हणजे एक मोठं यंत्र ही कल्पना आली आणि तिच्यासाठी मराठीनं यंत्रणा हा शब्द कामाला लावला. युरोपातही या शब्दाचा प्रवास गमतीदार आहे. ग्रीक रंगभूमीवर देवाला वरून खाली उतरवणारी एक यारी असे, तिला ते ‘मेखाने’ म्हणत. आजच्या ‘मशीन’चं मूळ तिथं आहे. पुढं इंग्रजी टीकाकार महाकाव्यातल्या देवदेवतांच्या हस्तक्षेपालाच ‘मशिनरी’ म्हणू लागले. वरून कोणीतरी येतं आणि गोष्ट फिरवतं. आपणही म्हणतो ना, ‘वरून सूत्रं हलली’?

शब्दांचे असे प्रवास नोंदवण्यासाठीच डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा महाकोश चालू आहे. सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या कपाटांत आहेत. पहिला खंड १९७६ साली आला आणि छपाई अजून ‘अ’ अक्षरातच आहे. ‘य’ची चिठ्ठी खणात वाट पाहते आहे. ज्या पिढीला तो खंड हाती घ्यायला मिळेल, तिला यंत्रणा या एका शब्दाखाली बांधण्यापासून दुखण्यापर्यंतची सगळी वाट दिसेल. या धीराच्या कामापुढं मी नतमस्तक आहे.

पण आपण आजची वाक्यं पाहू. यंत्रणा झोपली. यंत्रणेला जाग आली. यंत्रणा ढिम्म हलली नाही. यंत्र झोपतं का? झोपतो तो माणूस. लोखंडाला न शोभणारी सगळी क्रियापदं आपण यंत्रणेला लावतो, कारण आत माणसं आहेत हे भाषेला ठाऊक आहे. वाक्याच्या कर्त्याच्या जागी मात्र आपण त्या माणसाला येऊ देत नाही. या सभागृहातलं साधं उदाहरण घ्या. ध्वनिक्षेपण यंत्रणा चांगली आहे, असं आपण घरी जाऊन म्हणू. त्या कोपऱ्यात एक गृहस्थ बसले आहेत, माझा आवाज चढला की त्यांचा हात खुंटीवर जातो. मघापासून मी पाहतो आहे. यंत्रणा म्हणजे ते.

वाक्यातून कर्ता गेला की काय होतं, हे पुण्याइतकं कोणाला माहीत आहे? १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं. आजही आपण असंच म्हणतो, ‘फुटलं’. आंबी नदीवरचं ते धरण पुरतं तयार झालेलं नव्हतं, पाणी सोडायच्या मोरीच्या दरवाजांचं काम अपुरं होतं, पावसाळा आला आणि पाणी चढत गेलं. किती धरायचं आणि कधी सोडायचं, तोच विश्वेश्वरय्यांचा प्रश्न, आणि सोडायची सोयच पुरी नव्हती. बांध खचू लागला तेव्हा लष्कराचे जवान रात्रभर त्यावर पोती रचत होते. सकाळी पानशेत गेलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि पाणी शनिवारात, नारायणात, कसब्यात शिरलं. पुढं चौकश्या झाल्या, अहवाल झाले. ज्यांचे वाडे गेले त्यांनी कर्त्याचं नाव विचारलं, आणि उत्तरात त्यांना बहुतेक वेळा यंत्रणा मिळाली. त्या रात्रीचं शहराला जे आठवतं, ते मात्र पोती रचणारे हात आहेत.

आता सुश्रुताचं वाक्य पुन्हा आठवा. प्रधान यंत्र हात.

वडील निवृत्त झाल्यावर त्यांना दर वर्षी नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागे. पूर्वी कागदावर सही चाले, नंतर बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलं. मी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी अंगठा ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. दुसरा अंगठा. जुळत नाही. चाळीस वर्षं लोखंड, किस आणि कूलंट यांत हात घातलेला. बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. मागच्या रांगेतली, आयुष्यभर धुणीभांडी केलेली एक आजी आपले तळवे पुढं धरून म्हणाली, ‘माझे पण घेत न्हाई.’ खिडकीतल्या साहेबांनी सांगितलं, यंत्रणेत नोंद होत नाही, आम्ही काही करू शकत नाही, पुढच्या आठवड्यात या. वडील जिवंत समोर उभे होते. ते काही बोलले नाहीत. फक्त स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले, बोथट झालेलं टूल बघावं तसे.

पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिनं वडिलांना आत बोलावून खुर्चीवर बसवलं. रुमाल ओला करून त्यांचं एकेक बोट पुसलं, यंत्राची काचही पुसली. ‘काका, जोरात दाबू नका, नुसतं टेकवा,’ म्हणाली. अंगठे झाले, तर्जनी झाल्या, मधली बोटं झाली. मागं रांग वाढत होती. तिनं रांगेला सांगितलं, थांबा, सगळ्यांचं करते. डाव्या हाताची अनामिका तिनं स्वतःच्या दोन बोटांत हलकेच धरून काचेवर टेकवली आणि श्वास रोखून पडद्याकडे पाहू लागली. हिरवा दिवा लागला. मग तिनं मागं वळून त्या आजीला हाक मारली.